तळव्यापुरतं

राखाडी आण, विल्लू म्हणाला होता,
साधी राखाडी. बुटात कोण बघतंय?

म्हणून मी राखाडीच घ्यायला गेले
हेल्वीच्या दुकानात, म्हणजे तिच्या जुन्या गोठ्यात,
जिथे दाराच्या चौकटीला अजून
गाईंच्या पाठी घासून आलेली तुकतुकी आहे.
बाहेर मार्च. खाडीवरचं बर्फ फुटत होतं,
लांब कुणीतरी कपाट सरकवल्यासारखं.

राखाडी होतीच. सहा तऱ्हेची.
एक म्हाताऱ्या मेंढीची, आखूड केसांची,
एक काळ्या-पांढऱ्याची मिसळ, चुलीतल्या राखेसारखी,
एक गिरणीतली, शहाण्या मुलीसारखी गुळगुळीत,
तिच्यात म्हणे थोडं नायलॉन. टाच टिकते.

बोटांनी लोकर निवडणारे फसतात.
बोटं कामाची, त्यांना सगळंच मऊ लागतं.
मी लडी हनुवटीखाली धरते, डोळे मिटते.
टोचायची असेल तर पहिल्या दहा श्वासांत टोचते.
मग पीळ उलगडून पदर मोजते.
दोनपदरी लवकर झिजते,
तीनपदरी गोल राहते, एका पलंगावर झोपलेल्या
तीन भावंडांसारखी घट्ट.
ओढून बघते. पटकन तुटली तर नको,
कुरकुरत, नाइलाजाने तुटली तर घ्यावी.
शेवटी वास. मेंढी थोडी उरलेली हवी.
अगदी धुऊन काढलेली लोकर
पाहुण्यासारखी वागते, पाय धरत नाही.

हेल्वी बघत होती, बोलत नव्हती.
तिला ठाऊक आहे, विल्लूच्या टाचा मी अकरा वर्षं रफू करतेय.
माझ्या बहिणीने त्याला सोडलं,
मी रफू सोडलं नाही.
डाव्या टाचेची बाहेरची कड आधी जाते:
फेरीबोटीचा दोर ओढताना तो त्याच पायावर रेलतो.
माणूस कसा उभा राहतो
ते मला भोकांवरून कळतं.

पैसे देऊन झाले. निघाले.
आणि खिडकीत वाळत घातलेली ती लडी.
गुलाबी म्हणू? नाही. नारिंगीही नाही.
सॅमन चिरल्यावर आत दिसतो तो,
आमच्या मुहू बेटावर सणाच्या मोज्यांना लागतो तो.
कुठल्या मुळांत उकळली, हेल्वी सांगत नाही.
"पन्नास ग्रॅम. पुन्हा हा रंग साधायचा नाही."
साधायचा नाही म्हटलं की
माझं डोकं चालत नाही.

आठवडाभर नुसती टेबलावर ठेवली.
गुंडीसुद्धा केली नाही.
विणण्याआधी लोकर जेवढी आपली असते
तेवढी नंतर नाही, मोजा झाला की तो दुसऱ्याच्या पायाचा.
सकाळी कॉफी पिताना एक हात तिच्यावर,
घरात मांजर नसताना मांजरावर ठेवल्यासारखा.

मग साठ टाके घातले, पाच सुया.
घोट्यापर्यंत राखाडी, सांगितल्याबरहुकूम.
आणि टाच वळवल्यावर
दोन रंग कडेला एकमेकांत अडकवत
(किचकट काम, कुणी करत नाही)
खालची बाजू ती.
टाच आणि तळवा.
वरून बघाल तर राखाडीच.

दिले. त्याने घातले. बदल्यात मासे दिले.
एप्रिल गेला, मे गेला, एक शब्द नाही.
पुरुष मोजे अंधारात घालतात, म्हटलं, दिसलंच नसेल.

जूनमध्ये त्याच्या घरावरून सायकलने गेले.
दोरीवर मोजे, बोटं वर करून टांगलेले,
तळवे रस्त्याकडे.
आतल्या बाजूला बाकीचे कपडे,
बाहेरच्या दोरीवर फक्त तेवढे.
मी ब्रेक दाबला नाही,
पण पायडलही मारलं नाही बराच वेळ.

परवा दारात पिशवी.
डावी टाच, बाहेरची कड, बरोबर तिथेच.
आत चिठ्ठी, इंजिनच्या तेलाचा अंगठा उमटलेली:
"राखाडीने चालणार नाही."

नऊ ग्रॅम उरली आहे, वजन केलंय.
आपण जाऊन सांगावं, की नुसतं रफू करून
पिशवी परत त्याच्या दारात ठेवावी,
ते अजून ठरलेलं नाही.
आधी सुई शोधते.