वहीतला नंबर

लाखांदूरच्या स्टँडसमोर, झेरॉक्स आणि तर्री-पोह्याच्या मधात,
आठ बाय दहाचं दुकान. एक मशीन, एक पडदा,
काचेला हात जाईल एवढं भोक.
दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर नंबर निघतो.

डोंगरवारांनी मला कामावर घेतलं
ते मला मशीन येतं म्हणून नाही.
"तुझी आई पोस्टाच्या बचतीचे हप्ते जमवायची.
अठरा वर्षं, एक रुपयाचा घोळ नाही.
मला ती काचेमागं पाहिजे होती.
तिचे गुडघे गेले, तर तू बस."

बसले.

पहिल्या महिन्यात उंबऱ्याच्या आत कोणी येईना.
लोक बाहेरून पाहायचे, दुसऱ्याच्या घरचं भांडण पाहावं तसे,
आणि वडशाच्या बसमध्ये चढायचे.
"कॉम्प्युटरच तो. आतून कोन काय करते, कोनाले ठाव?"
नागपूरहून जिंकलेल्यांच्या फोटोंचा फ्लेक्स आला.
पाच हसरे चेहरे, पाचही अनोळखी.
"हे कुठचे हो?"
"असतील कुठचे तरी," डोंगरवार म्हणाले,
आणि चार दिवसांनी स्वतःच तो फ्लेक्स काढून
स्कूटरवर झाकण म्हणून घातला.

मग मे महिन्यात रतिराम आला.
मासोळ्या विकणारा. खिसा ओला, हात ओले,
खिशातून काढलेलं तिकीट
धुतलेल्या काचेसारखं कोरं.
"बाई, यात नंबर होता."

होता. मला माहीत होतं होता.
पण मशीनला बारकोड लागतो,
माणसाचं तोंड त्याला वाचता येत नाही.

माझ्याजवळ वही होती.
आईची खोड: छापलेलं असलं तरी लिहायचं.
सत्तावीस. रतिराम. दहा रुपये. दुपारी सव्वादोन.
वही डोंगरवारांसमोर धरली.
ते बराच वेळ पाहत राहिले,
वहीकडं कमी, माझ्याकडं जास्त.
"दे," म्हणाले. "नऊशे दे माझ्या गल्ल्यातून.
आत्ता नको. साकोलीची बस लागली की दे,
स्टँडवर माणसं असतील तेव्हा."

दिले.
रतिरामनं नोटा मोजल्या नाहीत.
तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आता बारव्ह्याहून येतात, दिघोरीहून, विरलीहून.
रांग पोह्याच्या गाडीपर्यंत जाते, पोहेवाला खूश.
शाळेचा शिपाई, अंगणवाडीची मदतनीस,
पंक्चरवाला आणि त्याच्यामागं त्याचाच पोरगा,
एकमेकांना न ओळखल्यासारखे.
तिकीट कोणी वाचत नाही.
"राहू दे. उत्पलाजवळ लिहून असते."

विचारतात, "कोनता घेऊ व बाई?"
मी म्हणते, "घेऊच नका."

एकदा नाही, रोज म्हणते.
काचेला तोंड लावून, नाव घेऊन म्हणते.
हसतात. मागच्याला सांगतात,
"पाय, धंद्यावर बसून घेऊ नका म्हनते.
अशी पोरगी भेटन का कुठं?"
आणि दोन घेतात.

डोंगरवारांच्या कानावर गेलं.
मला वाटलं, काढतील.
पाचशेनं पगार वाढवला.

तिसरी वही चालू आहे.
रात्री शटर ओढल्यावर मी बेरजा करत बसते,
हे काम मला कोणी सांगितलेलं नाही.
शेवंता नाकाडे, बारव्हा: हे नाव आईच्याही वहीत होतं,
महिन्याला पन्नास, बारा वर्षं,
पोरीच्या लग्नात तिनं आईला लुगडं नेसवलं होतं.
तेच वळणदार अक्षर, त्याच निळ्या रेघा.
तिच्या वहीत नावापुढचा आकडा फुगत जायचा.
माझ्याही वहीत फुगतो.

घरी आई गुडघ्यांना तेल लावत बसलेली असते.
वर न पाहता विचारते, "हिशोब लागला?"
"लागला."
"घोळ?"
"एक रुपयाचाही नाही," मी म्हणते,
आणि ती समाधानानं बाटलीचं बूच लावते.