गालबोट

सोहारच्या फ्री झोनमध्ये, शेड नंबर चौदा.
ट्रक आला तो दोन तास उशिरा;
खतमत मलाहाच्या नाक्यावर उभा होता भर दुपारी,
कागदावरचा शिक्का पुसट म्हणून.
आत किती तापलं असेल, विचारलं
तर नियाझ गुल म्हणाला, अंडं फोडून ठेवलं असतं तर खाल्लं असतं.
बाटलीतला माल एकोणसाठला उकळतो.
आम्ही खोका हळूच उतरवला, पाळण्यातून उचलावा तसा.

क्लोरोमिथिल मिथिल इथर.
वहीत आम्ही तीनच अक्षरं लिहितो, एम ओ एम,
आणि रोवेना दर वेळी तोच विनोद करते:
तुझी आई फ्रिजमध्ये आहे, दोन ते आठ अंशांत.

काम तसं साधं.
रेणूच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी,
उघडी, भोळी, येईल त्याला चिकटणारी.
पुढच्या नऊ पायऱ्या तिला कुणी हात लावू नये
म्हणून तिच्यावर हे चढवायचं,
काम झालं की आम्लाने उतरवायचं.
खल्फानला समजावताना मला शब्दच मिळेना.
शेवटी गालावर बोट टेकवून दाखवलं.
तो म्हणाला, हां, काजळ! आमच्याकडे कपाळावर लावतात.

फक्त हे काजळ फुफ्फुसं खातं.
दारावर लिहिलंय तीन भाषांत. मराठीत नाही.
वास आला तर उशीर झालेला असतो.
आणि इथली ऑगस्टची हवा, पिळली तर बादली भरेल;
झाकण जरा सैल झालं
की बाटलीच्या तोंडाशी पांढरा धूर,
हवेतली ओल तिला सोसत नाही.

बर्फात फ्लास्क. थेंब. थांब. थेंब.
मग रात्रभर ढवळत ठेवायचं.

साडेअकराला बाहेर येऊन फोन लावला. रोह्याला एक वाजला होता.
शाल्मली टक्क जागी.
चौथा महिना, मी तिला अजून उचललेली नाही.
डाव्या गालावर ठिपका, कानापर्यंत फराटलेला.
तेलाच्या बोटाने निघतं, वृंदा म्हणाली,
आणि म्हणाली, हात दाखव ना तिला.
मी हात वर केला
आणि लगेच खाली घेतला.
हातमोजे काढलेले होते, दोनदा धुतलेला होता,
तरीही.

सकाळी पट्टीवर जुना डाग नव्हता.
नवा होता, बोटभर वर, एकटा.
लागलं? खल्फानने विचारलं. हा शब्द तो माझ्याकडूनच शिकलाय.
लागलं, म्हणालो.
आमच्याकडे गालबोट लागलं
असं पेपरात येतं, मिरवणुकीत दगड पडले की.
ते त्याला नाही सांगितलं.

नऊतली ही दुसरी पायरी.
रजा नोव्हेंबरात.
नळ सोडला, कोपरापर्यंत साबण लावला,
आणि मोजत राहिलो, कितव्या धुण्याला
हात माझे होतात.