एकास नऊ

नंदगडच्या शाळेची खोली बांधताना
कागदावर मसाला होता एकास चार.
साहेब कन्नडात बोलला, ठेकेदार मराठीत,
आकडा तेवढा दोघांनी बोटांवर मोजला.

मी भरमू गवंडी. घमेल्यात
एकास नऊ कालवलो.
वाळू मलप्रभेची, न चाळता.
पाणी तेवढं विहिरीचं, चोख.
हजेरी वेळेवर मिळाली, खोटं कशाला बोलू.

यंदा धाकटी सुमित्रा तिथंच पहिलीला.
परवा दप्तर झटकली, तर
पाटीवर, डब्यात, वेणीतसुद्धा
बारीक वाळू.

"कुठं खेळलीस गं?" बायको विचारली.
"खेळलो नाही, बाकावर बसलो होतो."

मी तिच्या केसांतली चिमूटभर
तळहातावर घेऊन चोळलो,
उजेडात धरलो.
सिमेंट शोधत.