तिसरं पान

खळ मीच शिजवली, गव्हाच्या पिठाची,
चिमूटभर मोरचूद टाकून, म्हणजे झुरळं लागत नाहीत.
चावडीच्या भिंतीवर चार पानं चिकटवली:
तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर, पूरबाधित शेतकरी,
नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, रक्कम.
पंचगंगेची रेघ या भिंतीवर माझ्या कपाळाच्या वर आहे.
यादी तिच्या खाली बसली,
ऑगस्टात पाणी होतं, बरोबर तिथं.

लोक आले. आधी स्वतःचं नाव कुणीच शोधलं नाही,
शेजाऱ्याचं शोधलं.
भूपाल मगदूम बोटानं ओळी उतरत गेला,
विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा, जपून.

तानूबाई नदीकाठचं साठ गुंठं वाट्यानं करते.
सोयाबीन आठ दिवस पाण्यात,
शेंगांना झाडावरच कोंब.
यादीत तिचं रान होतं. ती नव्हती.
मालक पुण्यात असतो, त्याला पूर टीव्हीवर दिसला.
ती म्हणाली, "बरं झालं लावलंस बाबा.
कुणाचं पाणी माझ्या रानात आलं हुतं
ते तरी कळलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिसरं पान नव्हतं.
ग्रामसेवक म्हणाले, शेळीनं खाल्लं असेल.
पहिलं सोडून, दुसरं सोडून,
चौथ्याला तोंडही न लावता,
मोरचुदाची खळ चाटून
जिवंत घरी गेलेली शेळी मला बघायची होती.
दस्तगीर आपली शेळी घेऊनच आला.
"घे वास," म्हणाला.
तिनं भिंतीकडं पाठ केली.

पण आदल्या रात्री सर येऊन गेलेली,
तिरकी, पत्र्याखालून.
शाई कागदातनं उतरून भिंतीत मुरलेली.
फिकट, जांभळी,
पण अक्षरंच.
सहावीतली आसमा उकिडवी बसली आणि वाचायला लागली,
धडा वाचतात तसं, मोठ्यानं, बोट ठेवून:
गट नंबर चारशे सतरा. ऊस. एकशे वीस आर.

चारशे सतरा म्हणजे माळ.
तिथवर पूर यायचा तर आधी देवळाचा कळस बुडायला हवा.
तिथं कुसळं असतात
आणि बाबगोंडाचा मोडका ट्रॅक्टर.
लोक हसले.
मग तिनं खालची ओळ वाचली, मनात,
आणि माझ्याकडं बघितलं.

माझ्या मेव्हण्याचं नाव तिथं आहे, मला माहीत होतं.
चिकटवताना त्याच नावाखाली हवा राहिलेली.
बुडबुडा मी अंगठ्यानं दाबून काढला होता.

दुपारी फोन आला. भिंत घाण दिसते, चुना लावा.
चुना लावायची आम्हाला सवय आहे,
भिंतीला लावायची पाळी मात्र बऱ्याच वर्षांनी आली.
कोतवालाला काय, सांगतील ते काम.
दाराची चौकट झाली, जोतं झालं, डावीकडची बाजू झाली.
ब्रश हळूहळू त्या जांभळ्या चौकोनापाशी आला
आणि तिथं एक थेंब नुसता लोंबत राहिला.

रात्री बायकोनं ताट आपटलं नाही.
अलगद ठेवलं, आणि आत गेली.
ते जास्त लागतं.

नोंदवहीत लिहिलंय: चुना संपला, काम अपुरं.
बादली अजून अर्धी आहे,
पोत्यानं झाकून चावडीच्या मागं ठेवलीय.
आसमा म्हणते, उद्या वही आणते, सगळं उतरून घेते.
लवकर ये म्हणालो,
शाळेच्या आधी.
ऊन पडलं की दिसायचं कमी होतं.