दार उत्तरेला

दाबोळीच्या सड्यावर, धावपट्टीपासून जरा बाजूला
एक पांढरी पेटी आहे, चार पायांवर उभी.
भिंती सगळ्या झडपांच्या, दार उत्तरेला,
म्हणजे ऊन आत डोकावू नये.
खाली गवत. आजूबाजूला काही नाही.
एकवीस वर्षं मी ते दार उघडतो आहे
श्वास रोखून.
श्वासाचीसुद्धा ऊब लागते पाऱ्याला.

मे महिना. दुपारी समुद्रावरून वारा चढतो
आणि मी लिहितो : तेहतीस पूर्णांक दोन.
आकडा आधी वैमानिकांना जातो.
संध्याकाळपर्यंत मस्कतला, लेकीच्या फोनवर पोचतो,
तिथं त्याचं नाव झालेलं असतं गोवा.

मी दोन बस बदलून कुडचड्याला येतो.
मडगाव सुटलं की वारा मागे राहतो,
पुढे पुढे खिडकीचा गजही धरवत नाही.

घरी रत्नप्रभा पत्र्याखाली शिवणयंत्रावर.
तिनं मडगावच्या बाजारातून आपला एक तापमापक आणलाय,
खिळ्याला टांगलाय, कॅलेंडरशेजारी.
दाराच्या मागे खडूनं मांडते :
एकोणचाळीस. एकोणचाळीस.
चाळीस, वीज नव्हती.

त्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तेहतीसच तर आहे तिकडे!"
रत्नप्रभानं फोन माझ्या हातात दिला.
"घ्या. तुमची पेटी बोलतेय."

मी समजावायला बसलो.
तापलेल्या पत्र्याखाली मोजायचं नसतं,
भिंतीला टेकवायचं नसतं, नियम असतात,
जमिनीपासून उंची ठरलेली असते.
दोरा दातांत धरून तिनं सगळं ऐकलं.
मग तोडला.
"म्हणजे सावलीत ठेवायचं, पायांखाली गवत,
चारी बाजूंनी वारा,
आणि दाराशी येणाऱ्यानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा.
असं मला कुणी ठेवलं असतं
तर माझेही तेहतीसच भरले असते."

शेजारचा इनासियो, पंक्चरवाला,
ट्यूब पाण्यात तशीच सोडून हसत सुटला.

पेटी खोटं बोलत नाही, हे मी आजही सांगेन.
विमानाला धावपट्टीवरची हवा कळायला हवी,
रत्नप्रभाच्या पाठीवरची नव्हे.
पेटीनं कधी म्हटलं नव्हतं, मी गोवा आहे.
पण मीही कधी, एकवीस वर्षांत,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं नाही
की इथून दोन बसवर माणसं राहतात.

डिसेंबरात पहाटपाळीला तिचा फोन आला.
"किती?"
"बावीस."
"इथं सोळा. खोबरेल दगड झालंय बाटलीत.
आणि तुम्ही स्वेटर न घेताच गेलात."
आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं,
किंवा थोडं होतं.

आता दारामागे खडूच्या दोन रांगा आहेत.
माझ्या रांगेवर तिनं लिहिलंय, 'पेटी'.
तिच्या रांगेला नाव नाही.