दुसरं प्रूफ

अप्पा बळवंत चौकातून आत,
झेरॉक्सच्या दुकानाला लागून जिना.
सत्तावीस वर्षं मी तिथे
लोकांच्या वेलांट्या सरळ करतोय.
'आशीर्वाद'मधली शी दीर्घ,
हे मला झोपेतही ठाऊक असायचं,
जसं जिन्याची सातवी पायरी तुटकी आहे
हे पायाला ठाऊक असतं.

ताप सहा दिवस होता.
ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली उतरला नाही.
सुटलास, असं सगळे म्हणाले.
मीही म्हणालो.
मग चव परतली. वास परतला,
आधी फक्त रॉकेलचा, मग चहाचाही.
शब्द मात्र
क्वारंटाइनमध्येच राहिले कुठेतरी.

मंडईत बोट दाखवून उभा राहिलो.
हिरवं, लांब, शिरा नसलेलं,
दोडक्याचं चुलत भावंड.
इतकं सगळं आठवतं, नाव नाही.
"घोसाळं, काका. किती देऊ?"
अर्धा किलो, म्हणालो,
परक्या गावात माणूस
न कळता हो म्हणतो, तसं.

डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले.
त्र्याण्णव. शहाऐंशी. पुढे भिंत.
एमआरआय स्वच्छ आहे, म्हणाले, ताण घेऊ नका.
घरी येऊन मी
ताण कुठे ठेवला होता ते शोधत बसलो.
स्कूटर शैलजाला सापडली,
नारायण पेठेत, दोन दिवसांनी,
किल्ली तशीच लटकलेली.
पुण्यात ती कुणी नेली नाही
याचंच घरात जास्त कौतुक झालं.

दुपारी चारनंतर डोक्यात
ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवतं.
ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात पुसलेली असते.
रडू येतं, तेही भलत्याच जागी.
सिग्नलला. बँकेच्या रांगेत.
एकदा तर पाणीपट्टीच्या बिलावर.
शैलजा विचारते, काय झालं?
काही झालेलं नाही,
हेच तिला सांगता येत नाही.

मग ती मोडकांची पत्रिका.
तीनशे प्रती, हळदी कागद.
'श्रीधर मोडक यांची कन्या चि. सौ. कां. आसावरी'.
दोनदा वाचली. कोपऱ्यात सही केली.
छापून आल्यावर बोकीलांनी बोट ठेवलं:
नावाआधी 'कै.' नव्हतं.
मूळ कागदावर होतं, निळ्या शाईत, ठळक.
माणूस गेला एकवीसच्या एप्रिलात,
मी तापानं पडलो होतो त्याच आठवड्यात.

"सत्तावीस वर्षांत," बोकील म्हणाले,
आणि पुढे बोललेच नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

मुलगी आली. हेल्मेट काढलं नाही,
नुसती काच वर केली.
बराच वेळ पत्रिका धरून उभी.
मी मोजत होतो:
एक अक्षर, दोन मात्रा, एक टिंब.
"राहू द्या," म्हणाली, "आईला मी सांगेन."
पैसे पूर्ण दिले. काच खाली केली.

ऐकणारे म्हणतात, बघ,
तुझ्या हातून नकळत किती छान झालं.
छान नाही. चूक ती चूक.
जिला ती दिसत नाही
त्या नजरेनं या खुर्चीत बसू नये,
हे मीच शिकवलंय तीन पोरांना.

आता उलटं वाचतो.
शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, पट्टी ठेवून.
अर्थ लागत नाही, म्हणून अक्षरं दिसतात.
दिवसाला चार पानं. पूर्वी चाळीस व्हायची.
बोकील पगार तेवढाच देतात,
आणि देताना खिडकीबाहेर बघतात.

खिशात चिठ्ठी असते:
गाडी शनिपाराजवळ. गोळी जेवल्यावर. भाजी.
काल भाजीपुढे मी 'घोसालं' लिहिलं होतं.
ल खोडला, वर ळ काढला,
लाल पेनानं, समासात खूण करून.
कुणी सांगितलं नव्हतं.
घड्याळात सव्वाचार वाजले होते.