दोनची मोजणी

सेंट जॉनला, बंदराच्या वरच्या उतारावर
एक लाकडी घर आहे. पाटी नाही.
अकरा खाटा, एकही फार दिवस रिकामी राहत नाही.
नऊच्या आत परतायचं, वहीत सही, नळीत फुंकून दाखवायचं.
फ्रिजमध्ये ज्याचा त्याचा कप्पा, त्यावर आडनाव;
तरी मस्टर्डच्या बाटलीवरून भांडतात,
एवढाल्या गुन्ह्यांची माणसं.

रात्री दोनला मी बॅटरी घेऊन जिना चढते.
दार लोटायचं, उजेड छताकडे धरायचा,
पांघरूण वरखाली होतंय ना, बघायचं.
खूण करायची.

थिबोडो सत्तावीस वर्षं आत होता.
का, ते फाइलीत आहे. मी वाचलंय.
वाचूनही त्याच्या हातचं कोबीचं सूप प्यायलेय,
आणि चमचा खाली ठेवताना
हॅम्प्टनच्या त्या बाईची आठवण झालीय.
मेलेल्याची बहीण. नकाशावर तिच्या गावाभोवती
लाल पेनाचं वर्तुळ आहे,
त्यात त्याने पाऊल टाकायचं नाही.

समोरच्या गॅलंटबाईंनी
हे घर इथे नको म्हणून सह्या गोळा केलेल्या.
त्या उठायच्या आत हा त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा.
का रे, विचारलं, तर म्हणाला,
फावडं हातात होतं.

बॅटरीच्या वेळी तो कायम जागा.
"मोजून झालं की लागते झोप," म्हणाला एकदा,
दिवा राहू दे म्हणणाऱ्या पोरासारखा, भिंतीकडे बघत.
मी म्हटलं, जाईल सवय.

मार्चमध्ये त्याला स्वतःची खोली मिळाली,
लाँड्रीच्या वर. दोन किल्ल्या, एक तवा,
आणि मी दिलेला टोस्टर, एकाच बाजूने तापणारा.
वहीतल्या त्याच्या नावावर मी पट्टी धरून रेघ मारली.

तिसऱ्या रात्री ऑफिसातला फोन वाजला.
आधी नुसता श्वास.
"थिबोडो," तो म्हणाला. "आहे."
आणि ठेवला.

मग रोज दोनला. कधी दोन वाजून चार.
वहीत याला रकाना नाही.
साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

काल फोन आला नाही.
अकरा खोल्या बघून खाली आले,
बॅटरी हातात चालूच,
उजेड फोनवर.
पाचला बर्फ ओढणारी गाडी रस्त्याने खरवडत गेली.
लागली असेल झोप, म्हटलं,
आणि अकरा खुणांच्या खाली
कोऱ्या ओळीवर बोट ठेवून बसले.